भिंतीला डोळे असतात!

मॉल, मल्टिप्लेक्स, पुन्हा मॉल... वीकेण्डचा हा फॉर्म्युला बोअर झाला असेल, तर बांद्र्याच्या गल्ल्यांमधला स्ट्रीट आर्ट वॉक ट्राय करा. पायात बरे शूज हवेत, आणि मोबाइल थोडा वेळ तरी खिशात ठेवायची तयारी हवी.

रविवार, सकाळचे साडेसात. एरवी ह्या वेळी माझी मध्यरात्र असते. पण आज मी हिल रोडवर, महबूब स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर, नऊशे रुपये भरून उभा आहे. आणि कशासाठी? तर भिंती बघायला! आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘‘आपल्या घरच्या भिंतींना काय झालंय?’’

ग्रुप दहा-बारा जणांचा. पवईच्या आयटी कंपनीतले दोघे, ठाण्याहून आलेली एक बँकवाली, आदल्या रात्रीच्या बसने खास आलेलं पुण्याचं एक कपल (त्यांच्याकडे सगळ्यांत मोठा कॅमेरा), आणि सोबत म्हणून आणलेला, सारखा जांभया देणारा एक रूममेट. प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच तो. आमची गाइड पंचविशीची, इथल्याच एका पाखाडीत वाढलेली. तिचं पहिलं वाक्य भारी होतं. ‘‘गाइज, आज आपण जी चित्रं बघणार आहोत, त्यातली निम्मी आता नाहीयेत.’’

सगळे हसले. पुण्याचा कॅमेरा जरा खाली आला. पैसे परत मिळतात का, असा विचार निदान माझ्या तरी मनात येऊन गेला.

पण तिने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिच्या हातात एक जाडजूड फाइल होती, प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेल्या फोटोंची. दर दोन-तीन वळणांनंतर ती थांबायची, फाइल उघडायची आणि समोरच्या कोऱ्या भिंतीसमोर फोटो धरायची. ‘‘हे इथे होतं.’’ कुठे नवा डिस्टेंपर मारलेला, कुठे एसीचं आउटडोअर युनिट बसलेलं, कुठे भिंतच गायब आणि तिच्या जागी हिरवी जाळी लावलेला सांगाडा. म्युझियममध्ये गेल्यावर रिकाम्या फ्रेम दाखवाव्यात तसं काहीतरी. गंमत म्हणजे, दहा मिनिटांत त्याची सवय झाली, आणि मग प्रत्येक कोरी भिंत संशयास्पद वाटायला लागली. हिच्याखाली काय असेल?

बांद्र्याला ह्या सगळ्याचं वेड लागलं ते साधारण २००० नंतरच्या दशकात. ‘द वॉल प्रोजेक्ट’वाल्या मंडळींनी इथल्या भिंती रंगवायला घेतल्या आणि ऑगस्ट २००९ मध्ये तो मामला एकदम मोठा झाला. महापालिकेच्या परवानगीने तुळशी पाइप रोडची (कागदोपत्री सेनापती बापट मार्ग, पण तसं म्हणतं कोण?) रेल्वेलगतची लांबच लांब भिंत शेकडो लोकांनी मिळून रंगवली. त्यात आर्ट कॉलेजवाले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा ब्रश धरणारेही होते. त्यामुळे चित्रं कशी? काही जबरदस्त, काही अगदी इयत्ता चौथी ब. पण माहीम ते दादर टॅक्सीत अडकलेल्या माणसाला पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघायला काहीतरी मिळालं, हे महत्त्वाचं.

आता ‘स्ट्रीट आर्ट ही परदेशी फॅशन’ असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना त्यांच्या लहानपणीची एक भिंत आठवायला सांगा. ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा!’ सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या गावागावांत गेरूने किंवा निळीने रंगवलेली ही ओळ वाचून आपली अख्खी एक पिढी अक्षरं शिकली. म्हणजे आपल्याकडचा पहिला ग्राफिटी आर्टिस्ट कोण, तर आरोग्य खातं! आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवरच काढत आल्या आहेत, तांदळाच्या पिठाने. जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ती चित्रं कागदावर आणली आणि जगभर नेली. भिंतीवर काढणं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, एवढंच सांगायचंय.

(जाता जाता एक तक्रार. हल्ली प्रत्येक शहरात फ्लायओव्हरच्या खांबांवर तीच ती वारली माणसं, तोच तो मोर आणि खाली ‘झाडे लावा’ रंगवून ठेवतात. स्वच्छतेच्या स्पर्धेत मार्क मिळत असतील, पण ती चित्रं काढणाऱ्यालाही कंटाळा आलेला दिसतो. म्हसे यांनी काढलेलं एखादं खरं चित्र बघा. त्यातली माणसं नाचताना दिसतात. खांबावरची नुसती उभी असतात.)

चॅपल रोडवर वळलो आणि गाइडचा आवाज बदलला. ह्या गल्लीला नाव मिळवून दिलं ते रणजित दहिया या माणसाने. हरियाणातल्या सोनीपतजवळच्या गावातला मुलगा. सुरुवात घरांना चुना-रंग लावण्यापासून. मग चंदिगडचं आर्ट कॉलेज, पुढे अहमदाबादची एनआयडी, आणि मग मुंबई. सिनेमाचं शहर म्हणून ज्याच्याबद्दल ऐकलं, तिथे रस्त्यावर सिनेमा कुठे दिसतच नाही, हे त्याला खटकलं. २०१२ साली त्याने ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. पहिलं चित्र ‘अनारकली’चं. १९५३ चा सिनेमा, बीना राय आणि प्रदीप कुमार. (संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे चितळकरांचं. ही माहिती ग्रुपमध्ये फक्त मला होती आणि मी ती सगळ्यांना सांगितली. त्याबद्दल सॉरी.) मग त्याच रस्त्यावर ‘दीवार’चा अमिताभ. आता ‘दीवार’ दीवारवर काढायची, ह्याहून सोप्पा आणि सही जोक कुठला?

पण त्या जोकच्या मागे एक गोष्ट आहे आणि ती आपल्याला माहीत असायला हवी. १९७५ च्या ‘दीवार’चं मूळ पोस्टर केलं होतं दिवाकर करकरे यांनी. ‘अमर अकबर अँथनी’चंही त्यांचंच. त्या काळी पोस्टर आणि थिएटरवरची बॅनर्स म्हणजे शेकडो पेंटरांची रोजीरोटी. एम. एफ. हुसेनसुद्धा मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवतच उभे राहिले. त्याही मागे गेलं तर कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, ज्यांचं आडनावच त्यांच्या धंद्याने पडलं. मग नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला, पाठोपाठ फ्लेक्स आला, आणि ब्रशने रंगवलेला हिरो काही वर्षांत गायब झाला. फ्लेक्स एका रात्रीत छापून मिळतो. पेंटरला आठवडा लागायचा. एवढा साधा हिशेब. ज्यांनी शिड्यांवर उभं राहून हिरोच्या गालावर गुलाबी आणि व्हिलनच्या गालावर हिरवा रंग लावला, त्यातल्या कित्येकांनी पुढे गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवल्या. दहियाची भिंत त्या हाताची आठवण आहे. त्यामुळे तिच्यासमोर ‘व्हिक्टरी’ची दोन बोटं दाखवून फोटो काढताना जरा... असो. मीही काढलाय.

दहियाने पुढे २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले, आणि तेही कित्येक मजले उंच! ‘स्टार्ट इंडिया’च्या फेस्टिव्हलसाठी केलेलं काम होतं ते. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावणाऱ्या माणसाला शंभर वर्षांनी टेलिफोन खात्याची भिंत मिळाली. श्रीदेवी २०१८ मध्ये गेली आणि त्याच वर्षी चॅपल रोडवर तिचा चेहरा आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इरफान गेला, तर वरोडा रोडवर इरफान. बांद्र्यात श्रद्धांजलीचा बोर्ड असा लागतो.

एवढं मोठं चित्र काढतात कसं? आमच्या जांभईवाल्या रूममेटने विचारलेला हा एकमेव प्रश्न, पण प्रश्न बरोबर होता. तर आधी छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, मग तेवढ्याच चौकटी भिंतीवर, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. शाळेत आपण नकाशे मोठे करायचो तसंच. बांबूची परांची बांधायची. नाकाला नाक लावून उभं राहिलं की चेहरा दिसत नाही, दिसतो फक्त एक तपकिरी ठिपका, म्हणून सारखं खाली उतरून, रस्ता ओलांडून, लांबून बघायचं. पुन्हा वर. खरा शत्रू मात्र पाऊस. जुन्या भिंतीला ओल धरते, लोणा लागतो, आणि आतून क्षार वर आले की कितीही महागडा एक्स्टिरिअर रंग मारा, पापुद्रे सुटणारच. मुंबईतला एक पावसाळा चित्राला पाच वर्षांनी म्हातारं करतो.

सगळ्यांना परांची परवडत नाही. काही जण स्टेन्सिल कापून आणतात, स्प्रे मारतात, दोन मिनिटांत पसार. काही जण घरून कागदावर काढून आणतात आणि खळ लावून चिकटवतात, निवडणुकीत कार्यकर्ते लावतात तशीच मैद्याची खळ. यात परवानगी वगैरे भानगड नसते. कायदा म्हणाल तर महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, आणि विद्रूपीकरण कुठे संपतं नि चित्र कुठे सुरू होतं, हे ठरवणं हवालदारावर आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या भीषण घटनेनंतर जस चरणजिवा हिने काढलेली ‘पिंक लेडी’ बांद्र्याच्या भिंतीवर आली. साजशृंगार केलेली बाई, आणि बोटांत मुठीवर चढवायचं लोखंडी हत्यार. आमच्यातल्या बँकवालीने फाइलमधला तो फोटो मागून घेतला आणि बराच वेळ हातात ठेवला. ती रोज रात्री नऊची ठाणे लोकल पकडते. काही बोलली नाही, फोटो परत दिला.

मग रानवार. बांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी एक. कौलारू छपरं, लाकडी जिने, ओट्यावर झोपलेलं मांजर, कोपऱ्यावर क्रूस. इथली वस्ती ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची. नावावर जाऊ नका, ही इथलीच माणसं, घरात मराठी बोलणारी. हे ‘ईस्ट इंडियन’ नाव त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. आपण सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला येतो, मेणबत्ती लावतो, फुगा घेतो आणि परत जातो. ह्या गल्ल्यांत शिरत नाही. मी तरी याआधी शिरलो नव्हतो. चित्रं नसती तर आजही आलो नसतो, हेही खरं.

एका घराच्या भिंतीवर मोठा रंगीत मासा होता. पुण्याच्या कपलने पोझ घेतली. ती मुलगी ओट्यावर बसली, तो रस्त्यावर गुडघे टेकून अँगल बघायला लागला. तेवढ्यात वरची खिडकी उघडली. सत्तरीच्या एक आंटी. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात कपड्यांचे चिमटे.

‘‘फोटू कारा, पन खिरकीन बघू नका,’’ त्या म्हणाल्या. मग गाइड दिसली तशी चेहरा निवळला. ‘‘तू हाय काय? ये वर.’’

वर काही गेलो नाही, पण त्या खाली आल्या. मासा त्यांच्याच परवानगीने काढलेला. दोन पोरं आली, विचारलं, यांनी हो म्हटलं. भिंत तशीही खराब झाली होती, फुकटात रंग मिळत होता. चार दिवस पोरांना चहाही यांनीच पाजला. मग लोक यायला लागले. आधी कॉलेजवाले, मग मॉडेलिंगचे पोर्टफोलिओ, मग लग्नाआधीची शूटिंग्ज. रविवारी मिसहून परत आलं की स्वतःच्याच ओट्यावर बसायला जागा नाही. रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घातले तर एकाने म्हणे ‘फ्रेममध्ये येतात’ म्हणून ते बाजूला करायला सांगितलं. आंटी हे सांगताना हसत होत्या. आम्ही हसलो नाही.

‘‘राग नाही येत?’’ मी विचारलं.

‘‘येतो की. पण कुणी आलं नाही तर तेही बरं वाटत नाही. मुलं कॅनडाला. बोलायला कोण आहे?’’

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. घर पाडून तिथे इमारत बांधायची ऑफर आली आहे. मुलं म्हणतात सही करून टाक, लिफ्ट मिळेल, गुडघ्यांना आराम पडेल. जिना खरोखरच उभा होता, आंटींना उतरायला पाच मिनिटं लागली होती. शेजारच्या दोघांनी सह्या केल्याही आहेत. कागद कपाटात पडून आहे. पावसाळ्याआधी सांगा, असा निरोप आहे.

‘‘पण आंटी, मग हा मासा?’’ पवईवाल्यांतला एक पटकन बोलून गेला. ‘‘म्हणजे एवढं मस्त आर्ट... हेरिटेज वगैरे काही करता नाही येणार? एखादं पिटिशन?’’

आंटींनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, शाळेतल्या बाई बघतात तसं. ‘‘बाबा, मासा तीन वर्षांचा आहे. घर माझ्या सासऱ्यांच्या बापाने बांधलेलं. तू येताना घर बघायला आला होतास काय?’’

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

पुढे चालताना मी गाइडला विचारलं, तुला काय वाटतं, त्यांनी सही करावी? ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, तिच्या आजीचं घर असंच गेलं. त्या पैशांतून तिचं शिक्षण झालं. त्या जागेवरच्या इमारतीत आता खाली कॅफे आहे, कॅफेच्या आतल्या भिंतीवर जुन्या गावाचं चित्र आहे, आणि त्या चित्रात कौलारू घर आहे. ‘‘मी ग्रुपला तिथे नेत नाही. कॉफी बरी आहे, पण नेत नाही.’’ तिचा धंदा ह्या भिंतींवर चालतो आणि भिंती ज्यांच्या, त्यांना त्या विकाव्या लागतात. बरं, भिंती रंगल्या म्हणून गल्लीचं नाव झालं, नाव झालं म्हणून कॅफे आले, कॅफे आले म्हणून भाव चढले. हे वर्तुळ तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या नऊशे रुपयांत मीही होतोच.

दिल्लीच्या लोधी कॉलनीचं उदाहरण हमखास दिलं जातं. तिथे २०१५-१६ पासून देशी-विदेशी कलाकारांनी लांबरुंद भिंती रंगवल्या, आणि अख्खी वसाहत उघडं म्युझियम झाली. पण ती सरकारी क्वार्टर्स. मालक एक, परवानगी एका टेबलावर, आणि राहणाऱ्याला घर विकायचा प्रश्न नाही. बांद्र्यात प्रत्येक भिंतीला वेगळा मालक आहे, वेगळे गुडघे आहेत आणि वेगळी मुलं कॅनडात आहेत. आपल्याच मुंबईत ससून डॉकला २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘स्टार्ट’ने जो फेस्टिव्हल केला, तोही मला म्हणूनच वेगळा वाटला होता. १८७५ ची ती जुनी गोदी, नाकाला रुमाल लावून आलेली आपली पब्लिक, आणि भिंतीवर तिथेच काम करणाऱ्यांचे मोठमोठे ब्लॅक अँड व्हाइट चेहरे. कोळणी स्वतःच्याच फोटोखालून पाट्या घेऊन जात होत्या. भिंत कुणाची, ह्याचं उत्तर तिथे भिंतीवरच होतं.

तुम्हाला जायचं असेल तर थंडीत जा, आणि सकाळीच जा. नऊनंतर ऊनही येतं आणि हिल रोडचा ट्रॅफिकही. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा घ्या, गल्लीत मात्र पायीच. ग्रुप दहाच्या आतला असेल तर उत्तम, मोठ्या ग्रुपमध्ये गाइडचं काही ऐकू येत नाही. गाइड त्याच भागातला आहे का, एवढं बुकिंगच्या वेळी विचारा, फार फरक पडतो. कुणाच्या ओट्यावर बसायचं असेल तर आधी विचारा. आणि हो, वाळत घातलेले कपडे फ्रेममध्ये येऊ द्या.

शेवटी एका बेकरीसमोर आमचा वॉक संपला. बन मस्का, चहा, नंबरांची देवाणघेवाण, ‘फोटो पाठव हं’ वगैरे सगळं झालं. पुण्याच्या कपलने अठ्ठावीस भिंतींचे तीनशे फोटो काढले होते. मुलगी स्क्रीनवर एकेक बघत होती आणि डिलीट करत होती. माशाचा फोटो आला तशी थांबली. फोटोत ती ओट्यावर बसलेली, मागे मासा, आणि वरच्या कोपऱ्यात अर्धवट उघडलेली खिडकी, चिमटे धरलेला एक हात. ‘‘हा क्रॉप करू?’’ त्याने विचारलं. ती नको म्हणाली.

मी निघालो तेव्हा गाइड फाइलमध्ये एक रिकामं प्लास्टिकचं पाकीट सरकवत होती. माशाचा फोटो आजच प्रिंट करून ठेवते म्हणाली, पावसाळ्याआधी.